रंग तपकिरी

४ जानेवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. सगळे ठणठणीत आहेत, मीसुद्धा, गुडघा सोडला तर. सतरा वर्षांनी पत्र लिहितोय म्हणजे माफीबिफी मागायला आलोय, अशा भ्रमात राहू नकोस. कामाचं पत्र आहे.

काम असं, की तेल कंपनीच्या प्रयोगशाळेचं जुनं स्टोअर रिकामं करतायत. तिथे तुझी चार खोकी निघाली. नऊ नंबरच्या विहिरीचे ग्रॅनाइटचे तुकडे, प्रत्येकावर तुझ्या हातची चिठ्ठी. तिथल्या नव्या प्रमुख बाईंनी मला फोन केला, "सर, खोकी तुमच्या बहिणीची ना? ठेवायची की टाकायची?" मी म्हटलं, विचारून सांगतो. तर विचारतोय. एका ओळीत कळव. एका शब्दात कळवलंस तरी चालेल, तुझा तसाही शब्द जड.

परवा आमच्याकडे फोडणी अर्ध्यावर असताना गॅस संपला. ही तिथूनच ओरडली, "अहो, तुमचे किडे संपले की वन्संचं पाताळ?" दर वेळी हेच. मी हिला शंभरदा सांगितलंय, की समुद्रातले बारीकसारीक जीव मरतात, तळाच्या चिखलात बसतात, वर थरावर थर चढतात, खाली उष्णता लागते आणि लाखो वर्षं शिजून शिजून त्याचं तेल होतं, गॅस होतो. शेंबड्या पोरालाही कळेल. त्यावर ही म्हणते, "त्यापेक्षा वन्संचं सोपं होतं. पृथ्वीच्या पोटात आधीपासूनच आहे, फटीफटीतून वर येतो, आपण जाळतो." अख्ख्या कंपनीत तुला पाताळबाई म्हणायचे, तुझ्यामागे एक माणूस उभा राहिला नाही, आणि तुझा एकमेव अनुयायी माझ्या स्वयंपाकघरात निघावा! आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगणार कोणाला?

हां, अजून एक. त्या नव्या बाई सूक्ष्मदर्शकाच्या सगळ्या जुन्या काचपट्ट्यांचे रंगीत फोटो काढणार आहेत म्हणे. मी म्हटलं, कशाला उगाच खटाटोप? नऊ नंबरचा माझा परागकण तर साऱ्या जगाने पाहिलाय. अहवालात फोटो आहे, कॉरिडॉरमध्ये फ्रेम आहे, माझ्या निवृत्तीच्या पितळी पाटीवरसुद्धा कोरलाय. काळापांढरा आहे, म्हणून काय झालं? रंग अहवालात लिहिलेलाच आहे. तपकिरी.

खोक्यांचं तेवढं कळव.

तुझा भाऊ


१९ जानेवारी

ताई,

पंधरा दिवस झाले. पोस्टमन आमच्या फाटकाशी आला की मी काहीतरी कारण काढून बाहेर येतो. काल त्याने विजेचं बिल दिलं आणि म्हणाला, "काका, आज एवढंच." माझी कीव करतोय तो.

तू विसरली असशील म्हणून सांगतो. तू काही विसरत नाहीस हे मला ठाऊक आहे, पण मला सांगायचंय.

नऊ नंबरची विहीर ग्रॅनाइटमध्ये गेली आणि तिथे तेल लागलं. ग्रॅनाइट म्हणजे वितळून थिजलेला दगड. त्यात ना चिखल, ना शिंपला, ना कसला जीव. तू सभेत उभी राहिलीस, टेबलावर थाप मारलीस आणि म्हणालीस, "घ्या! दाखवा मला इथे तुमचा किडा. हे तेल खालून आलंय." साहेब लोक तुझ्याकडे बघतच राहिले. दहा नंबरची विहीर आणखी दुप्पट खोल न्यायची, पार त्या पाताळाच्या दाराशी, यावर सही तेवढी बाकी होती. उभा जन्म तू त्या एका विहिरीसाठी भांडलीस.

मग तू स्वतः ती तेलाची बाटली माझ्या खोलीत घेऊन आलीस. म्हणालीस, "ठोंब्या, गाळून बघ. माझ्या विरुद्ध काही सापडलं तरी चालेल, पण मला आधी सांग."

मी गाळलं, धुतलं, काचपट्टीवर लावलं आणि तीन दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो. एक परागकण मिळाला. गोल, अंगभर काटे. फुलाचा पराग दगड वितळताना टिकणार नाही, म्हणजे तेल ग्रॅनाइटमधलं नाही, शेजारच्या गाळाच्या थरातून सरकून आलंय. संपलं पाताळ!

मी तुला आधी सांगितलं नाही. सरळ सभेत फोटो लावला. एवढी चूक झाली, मान्य. बस्स, एवढीच.

तू एकच प्रश्न विचारलास, "रंग कोणता?"

बाकीच्यांना वाटलं, पाताळबाईंचं डोकं फिरलं. मला कळलं तू काय विचारतेयस. परागाचं म्हणजे कढईत कांदा परतल्यासारखं असतं. ताजा पराग पाण्यासारखा फिका. उष्णता लागली की आधी पिवळा, मग सोनेरी, मग तपकिरी, शेवटी काळा ठिक्कर. तेल व्हायला जेवढी आच लागते, तेवढ्यात पराग तपकिरी झालाच पाहिजे. फिका असला तर तो त्या तेलाबरोबर शिजलाच नाही, कुठून तरी बाहेरून येऊन पडला.

मी म्हणालो, "तपकिरी." तू खाली बसलीस. दहा नंबर रद्द झाली, महिन्याभरात तू राजीनामा दिलास आणि कुठल्या त्या समुद्रकाठच्या शाळेत विज्ञान शिकवायला निघून गेलीस.

आता तपकिरी म्हणजे अगदी काळपट नव्हे हं. हलका तपकिरी. दूध जास्त पडलेल्या चहासारखा म्हण.

आणि मी बरोबरच होतो! सहा वर्षांनी दुसऱ्या प्रयोगशाळेने त्याच तेलाची तपासणी केली, तेव्हा फक्त सजीवच बनवू शकतात असे रेणू त्यात निघाले. रसायनाची परीक्षा, परागाचा संबंधच नाही. मी तुला तो कागद पाठवला होता. तू ते पाकीट न फोडता परत पाठवलंस. हट्टी! सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

लहानपणी तू मला गणित शिकवायचीस. मी पुस्तकाच्या मागून उत्तर बघून लिहायचो, आणि तू लाल पेन्सिलीने भलं मोठं शून्य काढायचीस. "उत्तर बरोबर. रीत कुठाय?" मी म्हणायचो, उत्तर बरोबर आहे ना, मग झालं तर! तू म्हणायचीस, "रीत नाही, तर मार्क नाही." शुद्ध दादागिरी. आता हे मला का आठवलं, देव जाणे.

खोकी अजून तशीच आहेत.

तुझा भाऊ


३ फेब्रुवारी

ताई,

मी चोरी केली.

घाबरू नकोस, पोलीस आलेले नाहीत. झालं असं, की मी सहज प्रयोगशाळेत गेलो. सहज म्हणजे दोन बसेस बदलून. नव्या बाईंनी चहा दिला, खुर्ची दिली. लाघवी आहे पोरगी, मला "सर" म्हणताना उभी राहते. म्हणाली, "उद्या तुमच्या कपाटातल्या पट्ट्यांचे फोटो घेतोय सर." तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली, ती बाहेर गेली, आणि माझा हात आपोआप तिसऱ्या खणात गेला. नऊ नंबरची काचपट्टी. चष्म्याच्या घरात बरोब्बर मावली. घर खिशात टाकलं, नमस्कार केला, निघालो. दारावरच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला. अडुसष्टाव्या वर्षी, ताई! आयुष्यात कोणाची साधी टाचणी उचलली नाही मी.

बसवरचा नंबर दिसेना तेव्हा लक्षात आलं. चष्मा टेबलावरच राहिला होता. चुकीच्या बसने पार शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कोण? नव्या बाई. चष्मा द्यायला स्वतः आल्या. म्हणाल्या, "सर, याचं घर कुठाय? नुसता ठेवला तर ओरखडे पडतील." मी म्हटलं, घर हरवलं. मी असं म्हणायला आणि हिने आतून घर घेऊन यायला एकच गाठ पडली. "हरवलं काय, तुमच्याच पँटच्या खिशात होतं!" आणि उघडलं की हिने. काचपट्टी चमकतेय, वर माझ्याच हस्ताक्षरात नऊचा आकडा.

मला वाटलं, गेली अब्रू. पण त्या पोरीचे डोळे भरून आले, ताई. म्हणाली, "सर, आठवण म्हणून हवी होती, तर मागायची ना! तुमच्याच हातची आहे. ठेवा तुमच्याजवळ, फोटो नाही घेतला तरी चालेल." मग वही काढली. "फक्त रंग सांगा. नव्या यादीत रंगाचा रकाना आहे. तुमच्या शब्दावर लिहिते."

माझा शब्द! सतरा वर्षांनी कोणीतरी पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि तोही एवढ्या आदराने. मी म्हटलं, "उद्या सांगतो. नीट बघून." ती गेली. ही म्हणाली, "नीट बघायला काय झालं? तुम्हाला तर झोपेतही पाठ आहे ना?"

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला जेवण जाईना.

म्हणून आधी तुला विचारतो. समज, मी मधासारखा लिहिलं, तर? मधाचे पुष्कळ प्रकार असतात. एखादा अगदी फिकाही असतो. "मधासारखा, फिकटाकडे झुकणारा." यात खोटं काही नाही. म्हणजे, नसावं.

आता मी पूर्ण सुखरूप आहे बघ. काचपट्टी माझ्याकडे, फोटो नाही, पुरावा नाही. उद्या ती नाल्यात टाकली तरी कोणी विचारणार नाही. मग मला असं का होतंय, जसं काही चाकूने मीच मला सोलतोय?

कळव ना काहीतरी. शिव्या दिल्यास तरी चालेल.

ठोंब्या


५ फेब्रुवारी

ताई,

पाण्यासारखा.

रंगच नव्हता त्याला. अगदी ताजा, कोरा करकरीत. काल सकाळी मी तो शेवटचा एकदा बघितला, शेजारच्या डॉक्टरांकडून सूक्ष्मदर्शक मागून आणला आणि बघितला. सतरा वर्षांत माझ्या मनात तो जरा तरी तपकिरी झाला असेल, अशी वेडी आशा होती. नाही झाला.

आता रीत लिहितो. सगळी लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा दुधाच्या चहावर येईन.

प्रयोगशाळेतल्या माझ्या खोलीच्या खिडकीत तू दिलेली जास्वंदीची कुंडी होती. "दिवसभर मेलेल्या जिवांकडे बघतोस, एक तरी जिवंत ठेव," म्हणाली होतीस. त्या सकाळी मी तिला पाणी घातलं. एक सुकलेलं फूल होतं, ते चिमटीत धरून खुडलं. आणि त्याच बोटांनी तुझ्या तेलाची काचपट्टी लावायला बसलो. हात न धुता. पहिल्या दिवशी आलेल्या शिकाऊ माणसालाही आपण दरडावतो, हात धुतलेस का म्हणून! वाऱ्यावर ढकलायचीही सोय नाही, कारण जास्वंदीचा पराग वाऱ्याने उडत नाही, तो बोटाला चिकटतो. गोल, अंगभर काटे. मी त्याला प्राचीन काळचा कोणी पूर्वज ठरवलं आणि तो खिडकीत पाणी पीत होता.

सापडला त्या क्षणी मला हे कळलं नाही. शपथेवर सांगतो, ताई, पहिल्या दिवशी मी नुसता नाचत होतो. दुसऱ्या दिवशी रंग दिसला. दिसला म्हणजे, दिसला होताच, पण तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. मग खिडकीकडे पाठ करून बसलो. आठवड्याभरात कुंडी उचलून घरी नेली. अहवालात फोटो काळापांढरा छापायचा, हे मीच छापखान्याला सांगितलं.

का? तू विचारशीलच. तर मला खात्री होती की तेल जिवांचंच आहे. मला वाटलं, उत्तर तर बरोबर आहे, मग रीतीचं काय एवढं? आणि खरं सांगू? आयुष्यभर मी पाताळबाईचा धाकटा भाऊ होतो. तू बोलायला लागलीस की सभा ऐकायची, मी बोलायला लागलो की लोक चहाची चौकशी करायचे. एकदा तरी तू खाली बसावंस असं मला वाटलं. तू बसलीस. तुझा चेहरा मी बघितला आणि त्या क्षणापासून मला त्या जिंकण्याची चव लागलेली नाही. ती पितळी पाटी मी कपड्यांच्या कपाटामागे ठेवलीय. ही म्हणते, एवढी चांगली पाटी भिंतीकडे तोंड करून का? मी म्हणतो, पॉलिश उडेल.

तुझी दहा नंबरची विहीर माझ्या एका शब्दाने बुजली. कोरडी निघाली असती, असं माझं आजही मत आहे. पण ते दगडाने सांगायचं होतं, मी नाही.

आज सकाळी प्रयोगशाळेत गेलो. काचपट्टी परत दिली, नव्या बाईंना बसवून सगळं सांगितलं. रकान्यात माझ्या हाताने लिहिलं: "रंग नाही. पराग आजचा, जास्वंदीचा, तपासणाऱ्याच्या बोटाचा. निष्कर्ष रद्द." खाली सही. ती पोर उठली, कॉरिडॉरमधली फ्रेम काढून आणली आणि म्हणाली, "सर, ही कुठे ठेवू?" तिने सर म्हटलं, पण या वेळी ती आधीच उभी होती, त्यामुळे आदर किती उरलाय ते कळलं नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. वाटलं, आता भडका उडणार. ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "म्हणजे मी सतरा वर्षं त्या कुंडीला पाणी घालतेय, ते या चोराला?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "वन्संना लिहिलंत का?" आणि मग, "लिहा. आत्ता."

माझं उत्तर बरोबर निघालं तरी मी तुझ्याशी खोटं बोललो, ताई. तू हरल्यामुळे गेली नाहीस, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. माझ्या तोंडून तपकिरी ऐकलंस आणि गेलीस. मला क्षमा कर. नाही केलीस, तरी ही रीत तुझ्याजवळ असू दे.

ठोंब्या


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट आलं. पोस्टमनने ते दोन हातांनी दिलं.

आत माझीच चार पत्रं! वाटलं, परत पाठवलीस. मग लाल पेन्सिल दिसली.

पहिल्या पत्रात 'तपकिरी'भोवती गोल आणि शून्य. दुसऱ्यात 'दूध जास्त पडलेल्या चहासारखा'भोवती गोल, शून्य, आणि समासात "चहा नीट कर." तिसऱ्यात 'मधासारखा'शी तू लिहिलंस, "शून्य. पण गाडी रुळाकडे येतेय." चौथं पत्र मी उघडेचना. शेवटी हिने हिसकावून घेतलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"रीत बरोबर. दहापैकी सहा. चार मार्क उशिराबद्दल कापले. उत्तर मला आजही मान्य नाही, रेणूंचा तो कागद घेऊन ये, समोरासमोर भांडू. जिवांचे रेणू तेलात खालून वर येतानाही मिसळू शकतात, यावर तुझ्याकडे काही उत्तर आहे का? खोकी ठेव. आणि मी दिलेल्या कुंडीतली एक फांदी आण. कुंडी माझी होती."

ताई, उत्तर आहे माझ्याकडे! चांगली सात कारणं आहेत, कागदावर लिहून काढलीयत. ही म्हणते, "गाडीत बसायच्या आधीच भांडायला लागलात? आणि मी वन्संच्या बाजूने बोलणार, आधीच सांगून ठेवते." दोघंही येतोय, शनिवारी दुपारपर्यंत पोचू. स्टेशनवर येऊ नकोस. येच. नाहीतर मला घर सापडायचं नाही.

सहा मार्कांनी मी भर दिवसा स्वयंपाकघरात उभं राहून रडलो, हे कोणाला सांगू नकोस. तुझ्याकडून एवढे मार्क मला पहिल्यांदाच मिळाले.

आत्ताच फांदी कापली. तिला एक कळी आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली, आणि मगच हे शेवटचं लिहायला बसलो. हात धुतले, ताई. साबणाने. दोनदा.

ठोंब्या